कुठले राजाराम?

कोल्हापुरात रोज कितीतरी माणसं राजारामांचं नाव घेतात. राजारामपुरी आठवी गल्ली, राजाराम कॉलेज, राजाराम तलाव, बावड्याचा राजाराम कारखाना. उजळाईवाडीच्या विमानतळालाही तेच नाव. पावसाळ्यात तर ते तासातासाला कानावर पडतं. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. सामान माळ्यावर चढवायचं की जनावरं सोडून पाहुण्यांकडे निघायचं, हे नदीकाठची माणसं या नावापुढच्या आकड्यावर ठरवतात. इतकं तोंडात बसलेलं नाव, पण ते कुणाचं असं विचारलं तर उत्तर येतं, “राजाराम महाराजांचं.” कुठल्या राजाराम महाराजांचं, म्हटलं की समोरचा माणूस थांबतो.

हे विचारायची सवय मला नोकरीनं लावली. मी ग्रंथालयात तालिकेचं काम केलं. म्हणजे पुस्तक दाखल झालं की त्याची कार्डं करायची, एक लेखकाच्या नावानं, एक शीर्षकानं, एक विषयानं, आणि ती लाकडी खणातल्या दांडीवर अकारविल्हे ओवायची. या कामात सगळ्यात अडवणूक करणारी गोष्ट म्हणजे एकसारखी नावं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांच्या नियमांत त्यावर साधा इलाज आहे, नावापुढे कंसात जन्माचं साल लिहायचं. आम्ही जिथं माहीत असेल तिथं मृत्यूचंही लिहायचो. त्या कंसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. नाव दुसऱ्याचंही असेल, पण हे साल याच माणसाचं, इतकं त्यात कबूल केलेलं असतं. आणि माझं ठाम मत आहे की जिथं मोठ्या माणसाचं नाव धाकट्याला मिळालेलं असतं, तिथं हा कंस नसेल तर धाकट्याचं आयुष्य पुसलं जातं.

राजारामांचंच पाहा. आमच्या खणात तीन राजाराम होते. पहिले शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, १६७० ते १७००. संभाजी महाराजांची हत्या झाल्यावर वेषांतर करून जिंजीला गेले, तिथं मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षं राज्य जिवंत ठेवलं, आणि तिशीतच सिंहगडावर वारले. तिसरे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, १८९७ ते १९४०. राजारामपुरी त्यांच्या नावाची आणि १९३९ मध्ये सुरू झालेला विमानतळही त्यांच्याच काळातला. कर्तबगार माणूस, पण वडील इतके मोठे की मुलाचं स्वतंत्र चरित्र मागायला क्वचितच कुणी यायचं.

या दोघांच्या मधले राजाराम १८५० ते १८७०. ते गेले तेव्हा वीस वर्षांचे होते. माझा जीव जास्त गुंतला तो यांच्यात.

जन्मानं ते नागोजीराव पाटणकर. १८६६ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि राजाराम झाले. चार वर्षांनी, १८७० मध्ये, युरोपच्या प्रवासाला निघाले. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, असं मानणारा तो काळ. त्या काळात एक वीस वर्षांचा मराठा राजा आगबोटीनं इंग्लंडला गेला, तिथं राणी व्हिक्टोरियाला भेटला आणि रोज इंग्रजीत डायरी लिहीत राहिला. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांची तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच ते वारले.

त्या गावात दहनाची रीत नव्हती. सोबतच्या कोल्हापूरच्या माणसांनी धर्माप्रमाणे अग्नी द्यायचा आग्रह धरला, नगरपालिकेनं खास परवानगी दिली, आणि आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथं मिळतो तिथं, कॅशिने बागेच्या टोकाला, रात्रीच्या वेळी चिता पेटली. त्यांनी संगम शोधला, हे वाचलं तेव्हा मला कोल्हापूरजवळची, नद्यांच्या संगमावरची प्रयाग चिखली आठवली. परक्या मुलखात, परक्या भाषेत, कडाक्याच्या थंडीत मूठभर माणसं दोन पाण्यांची मिळणी कुठं आहे हे विचारत फिरली असणार. राजाबरोबर निघालेल्या त्या माणसांचंही मला फार वाटतं. परत जाऊन गावाला काय सांगायचं, हे ओझं त्यांच्यावर होतं.

१८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला नवा राजवाडा आखला तेच हे गृहस्थ. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सची माणसं त्या स्मारकाला ‘इंदियानो’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी माणूस. गेल्या शतकात जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही हेच नाव पडलं. त्या शहरात राजाराम नावाचा दुसरा कुणीच नसणार, म्हणजे तिथं घोटाळ्याला जागाच नाही, आणि तिथं त्यांना नावच उरलेलं नाही. त्यांची डायरी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली. तिच्या शीर्षकात ‘कोल्हापूरचे दिवंगत राजे’ इतकाच उल्लेख आहे, नाव नाही. आणि जिथं नाव आहे, त्या कोल्हापुरात त्यांना एक तर पहिले राजाराम समजतात नाही तर तिसरे.

राजाराम कॉलेज १८८० सालचं. तिसऱ्या राजारामांचा जन्म त्यानंतर सतरा वर्षांनी झाला. म्हणजे कॉलेजचं नाव या विशीतल्या पोराचं आहे, ज्याच्या मरणाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि ज्याला पाहिलेली माणसं गावात होती. याच राजाराममध्ये गोपाळ कृष्ण गोखले शिकले. पुढं माधव जूलियन, ना. सी. फडके तिथं शिकवायला होते, आणि ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव तिथलेच विद्यार्थी. हजारो मुलांच्या दाखल्यांवर आणि पदव्यांवर ज्याचं नाव उमटलं त्याचा फोटो दाखवला तर गावात ओळखणारे किती निघतील?

एकदा एक अकरावीतली मुलगी प्रकल्पासाठी आली होती. विषय होता ‘राजाराम महाराजांचे कार्य’. तिनं इंटरनेटवरून उतरवून आणलेलं दाखवलं. त्यात राजाराम महाराजांनी जिंजीचा किल्ला लढवला, मग ते युरोपला गेले, फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं आणि त्यांनी कोल्हापूरला विमानतळ दिला, असं ओळीनं लिहिलेलं. अक्षर मोत्यासारखं, समासाला लाल रेघ.

मी म्हटलं, “अगं बाळ, ही तीन माणसं आहेत.”

ती बघतच राहिली. “म्हंजे मॅडम, तिघांची नावं एकच व्हय?”

“एकच. पण मध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे.”

मी तीन कार्डं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिनं कंसातली सालं वाचली, बोटांवर वजाबाकी केली आणि मधल्या कार्डावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, ह्ये तर आमच्या दादाएवढंच की वो.” तिचा भाऊ तेव्हा पॉलिटेक्निकला होता. त्या दिवशी तिनं प्रकल्पाचा विषय बदलला आणि फक्त दुसऱ्या राजारामांवर लिहिलं. तालिकेच्या कामानं मला दिलेलं इतकं समाधान मला दुसरं आठवत नाही.

करवीरच्या गादीचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. मूल दत्तक आलं की त्याचं नाव काढून घेतात आणि घराण्यातलं नाव घालतात. नागोजीरावांचे राजाराम झाले. ते गेल्यावर नारायणराव भोसले नावाचा आठ वर्षांचा मुलगा आणला, त्याचे शिवाजी झाले, करवीरच्या गादीवरचे चौथे शिवाजी. या मुलाचे पुढचे हाल वाचवत नाहीत. वेड लागलंय असं म्हणून त्याला कोंडून ठेवलं, मारहाण होते अशा बातम्या बाहेर आल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं त्यावर आवाज उठवला, दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. डोंगरीचे १०१ दिवस महाराष्ट्राला पाठ आहेत. ज्याच्यासाठी ते भोगले तो मुलगा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेला. तोही विशीतच. शिवाजी हे नाव घेऊन किल्ल्यात कैदी म्हणून मरणं, याचा विचार मनात आला की मला बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

त्याच्यामागे आणखी एक शिवाजी झाला, तो तर अगदीच बाळ. १९४० मध्ये तिसरे राजाराम वारले, त्यानंतर १९४१ मध्ये जन्मलेल्या एका मुलाला दत्तक घेऊन शिवाजी हे नाव दिलं. १९४६ मध्ये तो गेला. पाच वर्षांचं आयुष्य, त्यावर एवढं नाव. मग १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार, राजर्षी शाहूंचे मुलीकडून नातू, गादीवर आले आणि शहाजी झाले.

आणि १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजींच्या पत्नी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला. त्याचं नाव ठेवलं शाहू.

या नावावर मी पुष्कळ विचार केला आहे. पहिले शाहू, १६८२ ते १७४९, साताऱ्याचे छत्रपती. कोल्हापूरच्या गादीचं जन्मापासूनचं भांडण त्यांच्याशीच. १७०७ मध्ये ते मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि पहिल्या राजारामांच्या राणी ताराबाईंशी त्यांचा संघर्ष पेटला, त्यातून दोन गाद्या झाल्या. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही सीमा ठरली. ज्या घराण्याशी एवढं वैर झालं त्याच्या मुख्य पुरुषाचं नाव पावणेदोनशे वर्षांनी कोल्हापूरनं आपल्या वारसाला दिलं. एवढ्या वर्षांत वैर निवळलं असेल आणि थोरल्या छत्रपतींचा नातू एवढंच नातं उरलं असेल, असं मला वाटतं. साताऱ्याच्या शाहूंचंही जन्माचं नाव शिवाजीच होतं. तिकडे राजाराम-ताराबाईंनी आपल्या मुलाचंही नाव शिवाजी ठेवलं, आणि राजारामांच्याच दुसऱ्या राणी राजसबाईंच्या मुलाचं संभाजी. आजोबांचं नाव दोन नातवांना, मारल्या गेलेल्या चुलत्याचं नाव पुतण्याला. या नावांच्या माणसांवरूनच पन्हाळ्यावर आणि साताऱ्यात दोन पिढ्या तलवारी चालल्या, आणि शाळेतल्या मुलांना तो सगळा धडा डोक्यावरून का जातो, याचं निम्मं कारण या नावांत आहे. तो धडा लिहिणाऱ्यांनी प्रत्येक नावापुढं नुसती सालं घातली तरी पोरांचा जीव भांड्यात पडेल.

कागलच्या यशवंतरावाचं मात्र उलट झालं. आज कोल्हापुरात ‘शाहू’ म्हटलं की साताऱ्याचं नाव कुणाच्या मनात येत नाही. शाहू मिल, शाहूपुरी, शाहू मैदान, सगळे शाहू हेच. १९०२ मधला ५० टक्के राखीव जागांचा हुकूम, जातीजातींची वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हे सगळं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संपलेल्या आयुष्यात बसवलं. ज्यांचं नाव घेतलं त्यांनाच मागे टाकणारा इतका मोठा धाकटा आपल्या इतिहासात दुसरा सापडायला कठीण. आता साताऱ्याच्या शाहूंवर अन्याय होतो, हेही खरं. बाळाजी विश्वनाथापासून पहिल्या बाजीरावापर्यंतची माणसं ज्यांनी पारखली आणि पुढं आणली, त्या राजाला ‘दुसरे शाहू’ समजून लोक पान उलटतात. कंस दोघांनाही हवा.

घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण या विषयाची ओढ मला तिथून आली असावी. माझं नाव माझ्या थोरल्या आत्याचं. ती लग्नाआधीच विषमज्वरानं गेली. वडिलांचं लग्न त्यानंतरचं, आणि पहिली मुलगी झाली तेव्हा आजीनं विचारणं-सांगणं न करता तेच नाव ठेवलं. घरात एक तांब्याचा तांब्या आहे. त्याच्या गळ्याखाली ठोक्याठोक्यांनी नाव घातलेलं आहे, ‘चि.’ आणि पुढं माझं नाव, माझं आडनाव. चिंच लावून घासला की टिंबं उजळतात, ‘चि.’चा टिंब मात्र बुजत आलाय. येणारे-जाणारे म्हणायचे, “बारशाचा का गं तुझ्या?” तो माझा नव्हताच. आत्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाली तेव्हा तिच्या मामानं तो दिला होता. फायनल पास होऊन तिला मास्तरीण व्हायचं होतं.

वाईट याचं वाटतं की तिच्या गोष्टी हळूहळू माझ्या होऊन गेल्या. पंचगंगेच्या घाटावर पायरी चुकून पडले आणि कपाळाला खोक पडली, हे शेजारच्या काकू मरेपर्यंत माझ्याबद्दल सांगत होत्या. माझ्या कपाळावर कुठलीच खूण नाही. पडली होती ती आत्या. आजी असती तर तिनं निवाडा केला असता, पण म्हातारपणी तीही दोघींना एकच समजायची आणि मला “शाळेत रुजू झालीस का?” म्हणून विचारायची. आत्याचा फोटो नाही, पत्र नाही. तिचं म्हणून जे होतं ते नावाबरोबर माझ्याकडे आलं आणि माझ्यात मिसळून गेलं. मी तिची सालं वडिलांच्या जुन्या वहीतून शोधून काढली आणि तांब्याखाली चिठ्ठी ठेवली आहे. पुढच्या कुणाचा घोटाळा होऊ नये.

दत्तकानं नाव बदलण्याची कथा राजवाड्यापुरती नाही. वि. स. खांडेकर आयुष्याची शेवटची अडतीस वर्षं कोल्हापुरात राहिले, शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. ते जन्मले सांगलीत, गणेश आत्माराम खांडेकर म्हणून. चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. १९७४ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला, मराठीतला पहिला. दुसरा ज्ञानपीठ १९८७ चा, कुसुमाग्रजांना. कुसुमाग्रज म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर, आणि तेही जन्मानं गजानन रंगनाथ शिरवाडकर. म्हणजे मराठीचे पहिले दोन ज्ञानपीठकार जन्माला आले गणपतीचं नाव घेऊन आणि दत्तक जाऊन दोघंही विष्णू झाले. हा योगायोग मला पहिल्यांदा खणातली कार्डं लावताना दिसला तेव्हा मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन आले. त्यातून काही सिद्ध होत नाही, तरी किती सुंदर आहे!

कोल्हापूरच्या सिनेमातही हा मामला पावलोपावली. मास्टर विनायक १९०६ मध्ये इथं जन्मले. त्यांचं पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. सावरकरांचंही विनायक दामोदर. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, फक्त आडनावात फरक. महाराष्ट्र फिल्म कंपनीत एक बाबूराव पेंटर आणि दुसरे बाबूराव पेंढारकर. इंग्रजीत दोघांची आद्याक्षरं एकच, म्हणून जुन्या संदर्भात नुसती आद्याक्षरं दिसली की मला ताण यायचा. त्यातले पहिले जन्मानं मेस्त्री, चित्रकारी हा धंदा म्हणून पेंटर झाले, आणि आनंदराव या भावाबरोबर सुरू केलेला कॅमेरा त्याच्या मृत्यूनंतर पुरा केला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट १९२० चा. दुसरे नट, ‘अयोध्येचा राजा’मधला गंगानाथ. एकानं कॅमेरा घडवला आणि दुसऱ्यानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून दाखवलं. चंद्रकांत मांडरे यांचं खरं नाव गोपाळ आणि सूर्यकांत हे त्यांचे धाकटे भाऊ वामन. पडद्यावर एक चंद्र झाला म्हणून दुसरा सूर्य. पण चंद्रकांत गोखले हेही त्याच काळातले नामवंत नट, त्यामुळं चंद्रकांत म्हटलं की आडनाव विचारावंच लागतं.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र सुलोचनांचा. पहिल्या सुलोचना रूबी मायर्स, १९०७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या ज्यू बाई, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटात आल्या आणि मोठ्या तारका झाल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या आपल्या सुलोचनादीदी लाटकर, जन्म १९२८, गाव खडकलाट, निपाणीकडचं. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडल्या, आणि सुलोचना हे नावही भालजींनीच दिलेलं. नायिका म्हणून गाजल्या, मग सगळ्या हिंदी सिनेमाची आई झाल्या. तिसऱ्या सुलोचना चव्हाण, माहेरच्या कदम, जन्म १९३३, मुंबईच्या, लावणी गाणाऱ्या. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभं राहून लावणी गावी तर यांनी.

१० डिसेंबर २०२२ रोजी सुलोचना चव्हाण गेल्या. त्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणून फोटो आला तो सुलोचनादीदींचा. त्यांचा नऊवारीतला, कपाळाला मोठं कुंकू असलेला. खाली हात जोडलेली चिन्हं पडत गेली. दीदी तेव्हा हयात होत्या, मुंबईत होत्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या. मला त्याचं फार लागलं. एकीला जिवंतपणी मारलं, आणि जी खरंच गेली तिला तिच्या मरणाच्या दिवशीही तिचा चेहरा मिळाला नाही. मी दोघींचे फोटो शेजारी शेजारी टाकले, खाली नावं, जन्मसालं आणि कुणी काय केलं ते लिहिलं. पद्मश्री दोघींनाही आहे, दीदींना १९९९ ची, चव्हाणबाईंना २०२२ ची. म्हणजे ‘पद्मश्री सुलोचना’ म्हणूनही भागत नाही. ४ जून २०२३ रोजी दीदी गेल्या, तेव्हा एका भाच्यानं आधी मला फोन करून विचारलं, “आत्या, ह्या कुठल्या?” आणि मगच फोटो टाकला.

ताराबाईंचा विषय काढला तर आणखी एक लेख होईल. करवीरच्या ताराराणी, १६७५ ते १७६१. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, १८५० ते १९१०, ज्यांनी १८८२ मध्ये स्त्री-पुरुषांची तुलना करून समाजाला खडसावून जाब विचारला. बालवाडीच्या ताराबाई मोडक, १८९२ ते १९७३. तिघी इतक्या खंबीर की एकीचं काम दुसरीच्या नावावर गेलं तरी ऐकणाऱ्याला खरं वाटेल, आणि म्हणूनच जास्त जपायला हवं.

आता ग्रंथालयात खण राहिले नाहीत, संगणकावर काम चालतं. नाव टाइप केलं की खाली यादी येते आणि घाईत माणूस पहिल्या नावावर बोट दाबतो. जुन्या तालिकेत आम्ही ‘पाहा’ची कार्डं करायचो. ‘नागोजीराव पाटणकर, पाहा: राजाराम (१८५०–१८७०)’. ‘यशवंतराव घाटगे, पाहा: शाहू (१८७४–१९२२)’. जन्माचं नाव घेऊन कुणी शोधत आलं तरी त्याला वाट सापडावी म्हणून. नवीन प्रणालीत त्यासाठी रकाना आहे, तो बहुतेक ठिकाणी रिकामा सोडलेला आहे. माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी यादी करून दिली आहे. तिनं पाटणकर आणि घाटगे भरले, गणेश आत्माराम आणि गजानन रंगनाथ भरले, बाबूराव मेस्त्री भरले. नारायणराव भोसल्यांपाशी ती अडली आहे, कारण पुढं नुसतं ‘शिवाजी’ लिहून चालत नाही आणि चौथे म्हटलं तर कुणाकडून मोजून चौथे, हे सांगावं लागतं. मी तिला म्हटलं, आकडा राहू दे, सालं घाल, १८६३ ते १८८३. सोमवारी ती ते भरणार आहे.